घाटाकडे तोंड केलेल्या छत्र्या

कर्जतकडून कडावला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी घरं लागतात, त्यांतल्या प्रत्येकावर एक तरी छत्री असतेच. छत्री म्हणजे पावसाची नव्हे, टीव्हीची. कौलांवर, पत्र्यांवर, स्लॅबच्या कठड्यावर, आणि खालच्या आळीत एका ठिकाणी तर गोठ्यावरसुद्धा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, घाटाकडे. यांतल्या बहुतेक रूपेशनं स्वतःच्या हातांनी बसवलेल्या. कडावच्या नाक्यावर त्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या पाटीवर कंपनीचं लांबलचक नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. लोक त्याला छत्रीवाला रूपेश म्हणतात, आणि ही पदवी त्याला मनातून आवडते.

एक काळ असा होता की लग्नसराईत रूपेशला घास गिळायला फुरसत नसे. या भागात मुलीच्या बापानं आंदणात टीव्ही द्यायची रीत पडली आणि टीव्हीच्या मागोमाग छत्री आली. आता भांडी, कपाट, मिक्सर मांडवात मांडून चारचौघांना दाखवता येतात. छत्रीचं तसं नाही. ती नवऱ्या मुलाच्या घरावर चढवायची आणि नवी नवरी दारात यायच्या आत टीव्हीवर चित्र आणून दाखवायचं. चित्र आलं नाही, तर नवऱ्याकडच्या बायका ते सुनेला जन्मभर ऐकवणार. त्यामुळे वरातीचा बेंजो वेशीवर वाजायला लागला की वर रूपेशला घाम फुटे, आणि खाली मुलीकडचं कुणीतरी देवाचं नाव घेत उभं असे.

आणि म्हणूनच एकदा चढलेली छत्री या गावांत कुणी उतरवत नाही. ती सुनेच्या माहेरची. टीव्ही बिघडू दे, छत्रीचा बॉक्स अडगळीत जाऊ दे, घरात वायफाय येऊ दे, छत्री जागची हलत नाही. तिच्यात कुणी वाल वाळत घालतं, कुणी सुकट. कोंबडी बसली तर हाकलतात, पण छत्री काढा म्हटलं तर सून चार दिवस गाल फुगवून बसते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय धंदा आहे हा. खरी गोष्ट अशी होती की दहांतल्या आठ छत्र्या मेलेल्या होत्या, आणि हे कंपनी सोडली तर दोनच माणसांना ठाऊक होतं. एक रूपेश, दुसरी त्याची बायको रुचिता.

कंपनीच्या पनवेलच्या ऑफिसातून विनिता मॅडमचा फोन येई. मॅडम बोलायला गोड. त्या म्हणायच्या, रूपेशजी, सगळ्या क्षेत्राचीच वाढ मंदावली आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. पनवेलला ज्याला वाढ मंदावणं म्हणतात, त्याला कडावात गिऱ्हाईक पळणं म्हणतात. पण मॅडमपुढे तो हो हो करी. या खेपेला मात्र त्यांनी सांगितलं की पुढच्या पावसाच्या आधी छोट्या एजन्स्या एकमेकींत मिळवायचं चाललं आहे आणि कडावचं काय होईल ते सांगता येत नाही. बोलता बोलता त्यांनी विचारलं, छत्रीवरून जी रेडिओची चॅनेलं येतात ती तुमच्याकडे कुणी ऐकतं का हो, कारण ती बंद करायचाही विचार आहे. रूपेश म्हणाला, आमचे एक सासरे ऐकतात. मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला असावा.

पुढचा रस्ता तसा रूपेशला माहीत होता. नाक्याच्या पलीकडेच किरणचं वायफायचं ऑफिस होतं. एके काळी हाच किरण रूपेशची शिडी धरायचा. आता त्याच्या हाताखाली पाच माणसं होती आणि खांबाखांबावरून त्याच्या काळ्या तारा गेल्या होत्या. किरणनं दोनदा म्हटलं होतं, दादा, माझ्याकडं या, लाइनी तुमीच बघा. पोरगा मनापासून बोलला होता, तेच तर जास्त लागलं. रूपेशनं ते हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आपण ज्याला शिडी धरायला शिकवलं त्याच्याकडे पगाराला जायचं, हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना.

अशात एका सकाळी नामामामा दुकानात आले.

नामामामा म्हणजे रुचिताचे सख्खे चुलते, रूपेशला सासऱ्याच्या जागी म्हणून मामा. रुचिताचा बाप ती लहान असतानाच गेला, तेव्हापासून तिचं सगळं त्यांनीच केलं, कन्यादानासकट. खालापूरच्या टोलनाक्यामागे त्यांचं गाव, तिथे भाताची जमीन. त्यांच्या घरच्या टीव्हीचा पडदा कधीचाच काळा पडला होता, आवाज मात्र शाबूत होता. तो दुरुस्त करू का म्हणून रूपेशनं विचारलं तर म्हणाले, नको, मला रेडिओपुरता बरा आहे. त्यांच्या गावावरून विजेच्या मोठ्या तारा गेलेल्या. साध्या रेडिओला नुसती खरखर. छत्रीवरून येणारा रेडिओ मात्र स्वच्छ. पहाटे भक्तिगीतं, मग बातम्या, संध्याकाळी शेतीचं काहीबाही. काळ्या टीव्हीसमोर पाट टाकून मामा बसत आणि रिमोट कुणाला हात लावू देत नसत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी पाणी पिऊन झालं की आधी रेडिओ लावायला सांगत. छत्रीचा रिचार्ज वेळेवर करणारं असं दुसरं गिऱ्हाईक रूपेशकडे उरलं नव्हतं.

बरोबर त्यांचा मुलगा जितेश होता. खोपोलीच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर होता, ते कंत्राट दिवाळीनंतर संपलं. मामांच्या जमिनीची एक पट्टी रस्त्यात गेली होती आणि तिचा पैसा बँकेत होता. तो उडून जायच्या आत पोराला बसता धंदा लावून द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं होतं की रूपेश दुकान विकायचं म्हणतोय. ते त्यांनी सरळ विचारलं. दुकान, शिडी, गिऱ्हाइकं, नाव, सगळं जितेशला द्या, तुम्ही ठरवाल त्या किमतीत आम्ही खोट काढणार नाही.

"कर्जतपासून येष्टीत छत्र्या मोजीत आलो, जावय," मामा म्हणाले. "मोतीबिंदू काढून डोळं बनवल्यापासून लांबचं लई चांगलं दिसतं मला. कडावच्या अलीकडं मोजायचं सोडून दिलं. किती त्या!"

रूपेश काहीच बोलला नाही. खोटं बोलायलासुद्धा थोडे कष्ट पडतात. त्याला तेही पडले नाहीत. नुसतं गप्प बसायचं होतं. जितेशनं मात्र चार बुकं वाचलेली, त्यानं बिचकत विचारलं की भावजी, त्यातल्या चालू किती, म्हैन्याला रिचार्ज किती होतात, काही आकडा कळला तर बरं होईल. आकडा रूपेशच्या खिशातल्या फोनमध्ये होता, बोट लावलं की दिसला असता. पण मामांनीच पोराला झापलं.

"जावयाकडं आकडं मागतोस? लाज नाय वाटत?"

जितेशची मान खाली गेली. जावयाला मान द्यायचा, पाट द्यायचा, टोपी द्यायची. हिशेब मागायचा नाही. या एका रिवाजावर रूपेश त्या दिवशी तरून गेला. पुढच्या रविवारी नारळ घेऊन येतो म्हणून मामा उठले, आणि जाताना त्यांनी दुकानाच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

संध्याकाळी त्यानं रुचिताला सगळं सांगितलं. सांगताना त्यानं वकिली बरीच केली. जितेश तरणा आहे, तो दुकानात दुसरं काहीतरी चालू करील, धंदा शेवटी चालवणाऱ्यावर असतो, शिवाय मी कुठे एक शब्द खोटा बोललो. रुचिता वाल सोलत होती. ती ऐकत राहिली आणि सोलत राहिली. तिलाही घर कळत होतं. रिया अकरावीला होती, तिच्या पुढच्या शिक्षणाचं दोघांच्याही डोक्यात होतं, आणि किरणकडे जायचं नाव काढलं की नवऱ्याचा चेहरा कसा होतो ते तिनं पाहिलं होतं. सोललेल्या वालांचं भांडं बाजूला सारून ती म्हणाली:

"काका माझ्या बापाच्या जागी हाय. तुमी सांगा नायतर नका सांगू, मी मधी पडणार नाय. पन त्या दुकानाचं शटर जितेशच्या हातानं पडलं, तर मी म्हायेरी कुठल्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगून ठेवा."

रूपेश उगाच उठून अंगणात जाऊन आला. आठवडाभर त्यानं स्वतःशी बरीच घासाघीस केली. एका दिवशी सांगून टाकायचं पक्कं होई, दुसऱ्या दिवशी किरण नव्या गाडीवरून हात करून जाई आणि पक्कं झालेलं मोडे.

रविवारी मामा आणि जितेश आले. मामांच्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात नारळ असल्याचं तिच्या गोल पोटावरून कळत होतं. रूपेशला वाटलं, घरी जायचं, चहा प्यायचा, नारळ हातात घ्यायचा, झालं. पण मामा म्हणाले, आधी श्रद्धाकडे जाऊ. ज्या छत्रीनं माझी लाज राखली तिच्या पाया पडतो आणि मग व्यवहाराचं बोलू.

श्रद्धा ही त्यांची धाकटी लेक, जितेशची मोठी बहीण, कडावच्याच खालच्या आळीत दिलेली. तिच्या लग्नाची ती गोष्ट मामा दरवर्षी सांगत. वरात वेशीवर आलेली, आणि श्रद्धाच्या सासरी छपरावर काही केल्या सिग्नल लागेना, कारण घाटाच्या बाजूला भलीमोठी चिंच आडवी. नवऱ्याकडची मंडळी गालात हसायला लागलेली. रूपेशनं छत्री उपटली, परसातल्या गोठ्यावर चढला, गोठ्यापासून घरापर्यंत केबल ओढली आणि नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडत असताना टीव्हीवर चित्र आणलं. मामांनी त्या दिवशी सगळ्या मांडवासमक्ष त्याला मिठी मारली होती. जावयावर त्यांचा जो डोळे मिटून विश्वास होता तो तिथून.

श्रद्धा बापाला पाहून पळतच बाहेर आली. तिच्या सासूबाई येसूबाई ओटीवर बसलेल्या होत्या, त्यांनीही व्याह्यांचं हसून स्वागत केलं. मामा घरात न जाता आधी परसात गेले. गोठ्यावरची छत्री लख्ख होती. दर दिवाळीला श्रद्धा ती धुऊन काढते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण छत्रीच्या खाली, गोठ्याच्या भिंतीवर, केबलचं तुटकं टोक लोंबत होतं, गाईच्या शिंगाला लागेल इतकं खाली. किरणच्या माणसांनी वायफाय ओढताना ती कधीतरी कापली असावी. रूपेशला ते टोक दिसलं मात्र, तो बोलता बोलता दोन पावलं सरकला आणि भिंतीला पाठ लावून त्याच्या पुढे उभा राहिला.

मामांनी डोळ्यांवर हात धरून छत्री पाहिली आणि तिला मनापासून हात जोडले. मग लेकीकडे वळले.

"चालते ना गं माझी छत्री?"

"चालते की, बाबा. रोज लावतो," श्रद्धा म्हणाली, आणि बापाच्या खांद्यावरून तिनं रूपेशकडे पाहिलं. सांगू नका भावजी, असं ती नजर म्हणत होती. घरातून मालिकेचा आवाज येत होता, भिंतीवरचा मोठा टीव्ही वायफायवर चालू होता. येसूबाईंना सगळं ठाऊक होतं, पण त्या माउलीनं नजर गाईकडे वळवली.

रूपेशची मात्र मोठी पंचाईत झाली. श्रद्धा खोटं बोलली ती बापाचं मन राहावं म्हणून. त्यात तिचा दमडीचा फायदा नव्हता. आणि तेच खोटं जसंच्या तसं उचलून त्याला आपलं दुकान विकता येणार होतं. आता खरं सांगायचं तर श्रद्धा बापासमोर उघडी पडणार. म्हणजे गप्प बसायला त्याला एक चांगलं कारणसुद्धा मिळालं. हे ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. चांगलं कारण मिळाल्याचा आनंद झाला, म्हणून किळस आली.

चहा झाला. मामांनी इथे रेडिओ लावायला सांगितलं नाही. नशीब, असं रूपेश मनात म्हणाला. श्रद्धाचा निरोप घेऊन तिघं वरच्या आळीला रूपेशच्या घरी आले.

रुचितानं पोहे केले होते. रिया पाया पडून आतल्या खोलीत अभ्यासाला गेली. मामा भिंतीला टेकून सतरंजीवर बसले, पिशवी त्यांनी मांडीशी ठेवली. जितेश नव्या शर्टात अवघडून बसला होता. दुकानाला कोणता रंग द्यावा, असं काहीतरी तो मधेच बोलून गेला. पोहे संपले. मामांनी बशी बाजूला ठेवली आणि म्हणाले:

"रुचे, जरा रेडिओ लाव गं. बातम्यांची वेळ झाली."

रुचितानं रिमोट उचलला. उचलला आणि हातात धरून उभी राहिली. ती नवऱ्याकडे पाहत होती. मधे पडणार नाही म्हणाली होती, ती पडली नाही. पण बटणही दाबलं नाही. बॉक्स नादुरुस्त आहे म्हणता आलं असतं. लाइट कमी-जास्त होते म्हणता आलं असतं. छत्रीवाल्याला अशी शंभर कारणं तोंडपाठ असतात. रूपेशच्या तोंडाशी एक आलंही होतं.

"मामा, आमच्या घरी रेडिओ लागत नाय," तो म्हणाला.

"का?"

"छत्री बंद हाय. दोन वर्सं झाली. घरात किरनचं वायफाय हाय."

एकदा तोंड उघडल्यावर मग त्याला थांबता येईना. तुम्ही मोजलेल्यांतल्या दहांत दोन चालू आहेत. लोक सुनेच्या माहेरची म्हणून उतरवत नाहीत, म्हणून त्या दिसतात. कंपनी पावसाच्या आधी एजन्सी काढून घेईल. जितेशनं आज दुकान घेतलं तर भाताची लावणी व्हायच्या आत त्याला शटर ओढावं लागेल. हे सगळं त्यानं खाली मान घालून सांगितलं. आतल्या खोलीत रियाचं पान उलटल्याचा आवाजसुद्धा थांबला.

जितेशचा चेहरा लाल झाला होता. "मंग त्या दिवशी का नाय बोललात, भावजी?"

"विकायचं होतं म्हणून," रूपेश म्हणाला. त्याहून वेगळं काही सांगण्यासारखं नव्हतं.

मामा छपराच्या वाशांकडे पाहत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"आनि श्रद्धाची?"

रूपेशनं मान वर केली. मघाशी गप्प राहून जे निभावलं होतं ते आता त्याला तोंडानं बोलावं लागणार होतं, आणि आश्चर्य असं की या खेपेला त्याची जीभ अडखळली नाही.

"तिची चालू हाय, मामा. तिची चालते."

"मंग बरं," मामा म्हणाले आणि उठले. पिशवीतून नारळ काढून त्यांनी रुचितासमोर ठेवला, चटणी कर म्हणाले. काका, तुमचा नारळ, असं काहीतरी ती म्हणायला लागली, तर ते म्हणाले, आणलेला नारळ परत न्यायचा नसतो. रूपेश गाडी काढायला निघाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. येष्टी आहे, जितेश आहे. दोघं उतारावरून नाक्याकडे चालत गेले. जितेशनं मागे वळून पाहिलं नाही. मामांनीही नाही.

रुचिता दारात उभी होती. रूपेश आत आला तेव्हा तिनं त्याला पुन्हा ताट वाढलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा स्वतः त्याच्यासमोर जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपेशनं आपल्या घरातला धूळ खात पडलेला बॉक्स काढला, पुसला, दुकानातून केबलचं नवं भेंडोळं घेतलं, शिडी खांद्यावर टाकली आणि खालच्या आळीला गेला. खोटं बोलून झालं होतं, आता ते खरं करून ठेवणं भाग होतं. मामा उद्या-परवा लेकीकडे येऊन टीव्हीसमोर बसले असते, तर श्रद्धाचंही पितळ उघडं पडलं असतं आणि त्याचंही.

श्रद्धाला रुचिताकडून सगळं कळलेलं दिसत होतं. तिनं काही विचारलं नाही, फक्त येसूबाईंना हाक मारून गाय बाहेर बांधायला सांगितली. रूपेश गोठ्यावर चढला. छत्री इतकी स्वच्छ होती की हात लावताना त्याला आपलेच हात मळके वाटले. जुनी केबल काढली, नवी ओढली, छत्री बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहिला, आणि श्रद्धा आतून ओरडत राहिली, नाय आलं, नाय आलं, थांबा, आलं. किती दिवसांनी तो हे करत होता. खाली येसूबाई तोंड वर करून उभ्या होत्या, जशा श्रद्धाच्या लग्नात उभ्या होत्या तशाच. रिचार्ज त्यानं आपल्या फोनवरून केला. मग आत जाऊन त्यानं चॅनेलं पुढे पुढे नेली, सिनेमे गेले, बातम्या गेल्या, आणि अगदी शेवटी रेडिओ लागला. मोठ्या काळ्या पडद्यावर नुसतं नाव, आणि कुणीतरी उन्हाळी भुईमुगाबद्दल सावकाश सांगतंय.

श्रद्धानं लगेच बापाला फोन लावला आणि टीव्हीपुढे धरला. ऐका बाबा, तुमचा रेडिओ, म्हणाली. पलीकडून मामा काहीतरी बोलले. तिनं फोन रूपेशपुढे केला. बाबांना तुमच्याशी बोलायचंय, म्हणाली. रूपेश फोन घेऊन परसात आला.

"केबल नवी घातली ना?" मामांनी विचारलं.

"कुठली केबल, मामा?"

"गोठ्याच्या भिंतीवर लोंबत होती ती. तुमी जिच्या आडवं उभं ऱ्हायलात ती."

डोळे बनवल्यापासून मामांना लांबचं चांगलं दिसतं, हे त्यांनी त्याच्याच दुकानात बसून सांगितलं होतं. आणि छत्रीवाल्या रूपेशनं ते कानाआड केलं होतं.

"पोरगी खोटं बोलली ती माझ्या मायेपोटी," मामा म्हणाले. "तेला काय नाय. पन तुमी कुनासाठी गप बसलात ते मला बघायचं होतं, म्हनून तुमच्या घरी रेडिओ लावाया सांगितला. नसता बोललात, तर नारळ पिशवीतनं भायेर आला नसता, जावय. तसाच घेऊन गेलो असतो."

माफी मागावी असं रूपेशच्या मनात होतं, पण मामांनी तेवढी जागाच ठेवली नाही.

"श्रद्धेला यातलं काय बोलू नका. तिला वाटू दे मला कळलं नाय." मग ते म्हणाले, "त्या किरनकडं दोन मानसं लागतील का? जितेश तुमच्यावर रागावलाय, पन शिडी धरंल."

रूपेशनं गोठ्यावरच्या छत्रीकडे पाहिलं. तिच्या पलीकडे खांबावरून किरणची काळी तार आळीभर गेली होती.

"विचारतो, मामा," तो म्हणाला.

घरात रेडिओ चालूच होता. येसूबाईंनी चहाला थांबवलं, पण तो थांबला नाही. उरलेली केबल त्यानं गुंडाळून घेतली, शिडी खांद्यावर टाकली आणि नाक्यावर आल्यावर दुकानाकडे न वळता रस्ता ओलांडला.